डिप म्हणजे क्वारंटाइन नव्हे: कोरल, गोगलगायी आणि कोळंब्या मुख्य टाकीत सोडण्याआधी

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी नवा कोरल आणायचा, दहा-पंधरा मिनिटं औषधाच्या पाण्यात बुडवायचा (यालाच डिप म्हणतात), धुवायचा आणि थेट मुख्य टाकीत लावायचा. बहुतेकजण यालाच क्वारंटाइन, म्हणजे नव्या जीवाला काही काळ वेगळ्या टाकीत ठेवणं, समजतात. तीन आठवड्यांनी टँग माशाच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात आणि शोध सुरू होतो तो शेवटच्या आणलेल्या माशाचा. तो मासा टाकीत येऊन सहा महिने झालेले असतात. आजार आलेला असतो कोरल ज्यावर चिकटवलेला असतो त्या सिमेंटच्या बैठकीवरून, म्हणजे प्लगवरून, नाहीतर स्वच्छतेसाठी सोडलेल्या गोगलगायीच्या कवचावरून.

ही चूक पुन्हा पुन्हा होते, कारण दोन अगदी वेगळ्या गोष्टींवर एकच उपाय चालेल असं धरलं जातं. त्या आधी वेगळ्या करू.

## डिप काय मारते, काय मारत नाही

पहिला गट कोरल खाणाऱ्या किंवा कोरलला गुदमरवणाऱ्या जीवांचा: ॲक्रोपोरा हा कठीण कोरल खाणारे चपटे कृमी, रेड बग (कोळंबीच्या वर्गातला सूक्ष्म जीव), मॉन्टिपोरा हा कठीण कोरल आणि झोॲन्थिड हे मऊ, कोरलसारखे जीव खाणारे न्यूडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी), सनडायल गोगलगायी, आयप्टेशिया (ॲनिमोनी म्हणजे समुद्रफुलाचा उपद्रवी प्रकार), व्हर्मेटिड (नळीत राहणारी गोगलगाय), बबल अल्गी (फुग्यांसारखं शेवाळ). यांतले हलणारे, सरपटणारे बरेच जीव डिपमध्ये सुटून पडतात. त्यांची अंडी मात्र तशीच राहतात. अंड्याच्या आवरणातून औषध आत जात नाही.

दुसरा गट माशांच्या परजीवींचा. सर्वांत जास्त गाठ पडते ती क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्सशी, म्हणजे मरीन इकशी, आणि अमायलूडिनियम ओसेलॅटमशी, म्हणजे व्हेल्व्हेटशी. हे कोरलला किंवा कोळंबीला काहीच करत नाहीत. पण माशाच्या अंगावरून सुटल्यावर हे परजीवी गुणाकारासाठी कवच धारण करतात. या कवचातल्या अवस्थेला सिस्ट म्हणतात. इकचा सिस्ट तर कुठल्याही कठीण पृष्ठभागाला घट्ट चिकटतो, मग तो काच असो, दगड असो, कोरलचा सांगाडा असो, प्लग असो, शंख असो की खेकड्याची पाठ. डिपनं हा सिस्ट मरत नाही. ब्रशनं घासून काही निघतात, सगळे निघाल्याची खात्री देता येत नाही. तांब्याचं औषध पोहणाऱ्या अवस्थेला मारतं, पण ते अपृष्ठवंशी प्राण्यांनाही मारतं, त्यामुळे इथे त्याचा विचारच नको.

उरतो एकच उपाय, मासे नसलेल्या टाकीतला काळ. सिस्टमधून बाहेर पडणाऱ्या पिलाला साधारण एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं. सगळे सिस्ट फुटून जाईपर्यंत टाकीत मासा नसेल तर साखळी तुटते.

म्हणून कोरलसाठी तीन गोष्टी लागतात: किड्यांसाठी डिप, अंड्यांसाठी डोळे आणि पक्कड, सिस्टसाठी दिवस. यातली एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

## टप्पा १: टाकी आणि सामान

४० ते ८० लिटरची साधी काचेची टाकी पुरते. त्याहून लहान घेतली तर क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) आणि तापमान रोज डोकं वर काढतात.

तळाला वाळू नको आणि लाइव्ह रॉकही (सूक्ष्मजीव वसलेले सच्छिद्र दगड) नको. तळ उघडा असला की पडलेला किडा दिसतो, घाण ओढून काढता येते. आणखी एक कारण आहे. प्राणवायू कमी असलेल्या जागी इकच्या सिस्टची वाढ थांबू शकते आणि प्राणवायू मिळाला की पुन्हा सुरू होते. वाळूचा जाड थर आणि दगडाखालचा कोपरा अशाच जागा आहेत. तुम्ही दिवस मोजत असता, तिथला सिस्ट मात्र झोपलेला असतो.

लागणारं सामान:

- हीटर, आणि त्याच्यावर विश्वास न ठेवता वेगळा थर्मामीटर
- स्पंज फिल्टर किंवा मागे टांगायचा फिल्टर, आणि एक लहान पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप)
- कोरलला झेपेल असा, तीव्रता कमी-जास्त करता येणारा दिवा
- प्लास्टिकच्या जाळीचा रॅक, तळापासून वर उचललेला
- क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि ३५ पीपीटीचं (हजारात ३५ भाग) कॅलिब्रेशन द्रावण (शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला चुकू शकतो)
- अमोनिया, अल्कॅलिनिटी (आम्ल झेलून पीएच टिकवण्याची पाण्याची क्षमता), नायट्रेट, फॉस्फेट यांचे टेस्ट किट
- झाकण, कारण टर्बो आणि नेराइट गोगलगायी भिंत चढून बाहेर पडतात
- कोरल कापायची पक्कड, जेल स्वरूपातला सायनोॲक्रिलेट गोंद, नवे प्लग, भिंग, पाण्याचा झोत फुंकण्यासाठी टर्की बेस्टर (रबरी फुगा लावलेली नळी)
- या टाकीसाठीच राखून ठेवलेली बादली, जाळी, चिमटा, सायफनची नळी आणि टॉवेल

टाकी मुख्य टाकीपासून किमान ३ मीटर दूर ठेवा, दुसऱ्या खोलीत असेल तर उत्तम. फुटणाऱ्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांबरोबर व्हेल्व्हेटचा परजीवी इतकं अंतर जाऊ शकतो.

सावधान: माशांच्या उपचाराला वापरलेली टाकी, फिल्टर किंवा दगड इथे आणू नका. सच्छिद्र आणि चुनखडीयुक्त वस्तू तांबं शोषून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात. मासे त्यात मजेत राहतील, कोळंबी दुसऱ्या दिवशी आडवी होईल.

## टप्पा २: पाणी तयार करणं

हा टप्पा प्राणी आणण्याच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करा. कोरल घरी आल्यावर मीठ ढवळायला घेणं ही घाई पुढचे दोन महिने छळते.

क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे १.०२६ च्या आसपासची घनता. तापमान २७ अंश सेल्सिअस. हे का, ते दिवस मोजण्याच्या टप्प्यात येईल. अल्कॅलिनिटी ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्षात भाग), मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम.

अमोनिया पचवणारे बाटलीतले जिवाणू घाला आणि अमोनियम क्लोराइडनं अमोनिया १ ते २ पीपीएमपर्यंत न्या. तो २४ तासांत शून्यावर येऊ लागला की टाकी तयार. त्यानंतर निम्मं पाणी बदला. मुख्य टाकीतला जिवाणू रुजलेला स्पंज उचलून आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. तसं करू नका. मुख्य टाकीत मासे आहेत, म्हणजे त्या स्पंजवर काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. तो स्पंज आत गेला की तुम्ही क्वारंटाइनची टाकी स्वतःच्या हातानं दूषित केलेली असते.

नव्या, उघड्या टाकीत उलटी अडचणही येते. नायट्रेट आणि फॉस्फेट पार शून्यावर जातात, कोरल फिके पडतात आणि काचेवर तपकिरी डायनोफ्लॅजेलेट चढतात. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम राहील इतपत खाऊ घाला.

तपासणी: अमोनिया शून्य, क्षारता सलग तीन दिवस स्थिर, तापमान दिवसरात्र अर्ध्या अंशाच्या आत. यातलं एकही नसेल तर खरेदी पुढे ढकला.

## टप्पा ३: एका फेरीत कोण कोण

सगळे एकत्र आत, सगळे एकत्र बाहेर. मध्ये कोणीही नाही.

एक विभागणी मात्र करा: ॲक्रोपोरा आणि कोळंब्या-खेकडे एका टाकीत ठेवू नका. ॲक्रोपोरावर रेड बग निघाले तर नेहमीच्या डिपवर भरवसा ठेवता येत नाही. त्यावर चालणारं मिल्बेमायसिन ऑक्साइम हे पशुवैद्यकीय औषध कोळंब्या-खेकड्यांच्या वर्गातल्या सगळ्यांनाच मारतं. कोळंबी त्याच पाण्यात असेल तर उपचाराचा रस्ताच बंद होतो.

निघण्याआधी विक्रेत्याला त्याच्या पाण्याची क्षारता विचारा. पुष्कळ ठिकाणी ती १.०२० ते १.०२३ ठेवलेली असते. क्वारंटाइनचं पाणी त्या आकड्याला जुळवून ठेवा. नंतर बाष्पीभवनाची भर साध्या पाण्याऐवजी खाऱ्या पाण्यानं करत रोज ०.००१ पेक्षा जास्त नाही अशा गतीनं वर आणा.

यामागचं कारण समजून घ्या. बंद पिशवीत श्वासातून कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच उतरतो. तोवर साचलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो. पिशवी उघडून दोन तास ठिबक लावलं, म्हणजे टाकीचं पाणी थेंबथेंब मिसळत ठेवलं, की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे ज्या काळजीपोटी ठिबक लावलं, तीच प्राण्याच्या जिवावर उठते. रात्रभर प्रवास करून आलेल्या प्राण्यांसाठी क्षारता आधीच जुळवलेली असणं हीच खरी सोय आहे. तासाभराच्या अंतरावरून आणलेल्या कोळंबीला किंवा ताऱ्यामाशाला मात्र एक-दोन तासांचं सावकाश ठिबक मानवतं.

## टप्पा ४: पाहणी आणि प्लग काढणं

पिशवी न उघडता १५ ते २० मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा. तापमान जुळलं की कोरल पांढऱ्या टबात काढा. पिशवीतलं पाणी गटारात जातं, कुठल्याही टाकीत नाही.

भिंग आणि प्रखर टॉर्च घेऊन बसा. दर तुकड्याला पाच मिनिटं द्या. बहुतेकजण कोरल वरून बघतात, कारण तो वरून सुंदर दिसतो. शत्रू खाली आणि मागे असतो.

ॲक्रोपोरावर फिकट गोलसर चावे शोधा. चपट्या कृमीची तपकिरी-सोनेरी अंडी जिवंत पेशींवर नसतात. पेशी संपून उघडा सांगाडा सुरू होतो त्या सीमेजवळ एकमेकांना चिकटून घातलेली असतात. रेड बग अर्ध्या मिलिमीटरचा पिवळसर ठिपका असतो, अंगावर लाल खूण घेऊन सरकणारा. मॉन्टिपोरा उलटा करून बघा. न्यूडिब्रँक पांढरे, काही मिलिमीटरचे आणि खालच्या बाजूलाच असतात. झोॲन्थिडवरचे न्यूडिब्रँक ज्या पॉलिपला (वसाहतीतल्या एकेका जीवाला) खातात त्याचेच रंग अंगावर घेतात, त्यामुळे जीव दिसण्याआधी देठावर वळ्यावळ्यांची अंड्यांची माळ दिसते. चार-पाच दिवस मिटूनच राहिलेली झोॲन्थिडची वसाहत म्हणजे हीच शंका.

आता प्लग. तो ठेवायचा नाही. प्लग हा सच्छिद्र, शेवाळलेला आणि विक्रेत्याच्या टाकीत महिनोन्‌महिने माशांच्या शेजारी पडून राहिलेला तुकडा असतो. अंडी, आयप्टेशिया, व्हर्मेटिड आणि सिस्ट या सगळ्यांचं घर एकच. पक्कडीनं कोरल प्लगच्या वर कापा. ॲक्रोपोराच्या तळाचा मेलेला सांगाडा जिवंत पेशींपर्यंत, वेळ पडली तर दोन-तीन मिलिमीटर जिवंत भागासकट काढा. एवढं गमावलेलं ॲक्रोपोरा काही आठवड्यांत भरून काढतं. अंडी राहिली तर अख्खी वसाहत जाते.

प्लग वेगळा करता येत नसेल, उदाहरणार्थ पसरलेले झोॲन्थिड किंवा मशरूम, तर उघडा राहिलेला प्रत्येक भाग जेल गोंदानं झाकून टाका.

- आयप्टेशिया कापू किंवा चिरडू नका. उरलेल्या तुकड्यातून नवं उगवू शकतं. तो भाग तोडून फेका, नाहीतर गोंदाखाली गाडा.
- व्हर्मेटिडची नळी तळापासून मोडा आणि भोक गोंदानं बुजवा.
- बबल अल्गीचा फुगा टाकीबाहेर, न फोडता, मुळासकट उचला.
- ॲक्रोपोराच्या फांद्यांत टेट्रालिया खेकडा असेल तर तो कोरलचा राखणदार आहे. डिपआधी हलकेच बाहेर काढा.

धोका: झोॲन्थिड आणि पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकतं. कापताना चिळकांडी डोळ्यात उडते. असे दगड किंवा प्लग गरम पाण्यात टाकू नका, उकळू नका, वाफेनं किंवा जोराच्या फवाऱ्यानं धुऊ नका; तेच विष श्वासातून आत जातं. डोळ्यांची आग, धाप, छातीत जडपणा जाणवला तर ताबडतोब दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना विषाचं नाव सांगा.

## टप्पा ५: डिप

पांढऱ्या रंगाचे तीन टब, प्रत्येकात दोन-तीन लिटर खारं पाणी. पाणी क्वारंटाइन टाकीच्याच तापमानाचं आणि क्षारतेचं.

१. पहिल्या टबात औषध न घालता बेस्टरनं सगळ्या बाजूंनी जोरात फुंका. सैल घाण आणि सैल किडे इथेच पडतात.

२. दुसऱ्या टबात औषध. प्रमाण आणि वेळ बाटलीवर लिहिलेली तीच. दुप्पट केल्यानं अंडी मरत नाहीत, कोरल मात्र जळतो. लहान पंप किंवा एअरस्टोननं पाणी हलतं ठेवा. दर दोन मिनिटांनी बेस्टरनं फुंका. औषधानं गुंगलेला कृमी स्वतःहून सुटत नाही, तो उडवावा लागतो.

३. तिसऱ्या टबात स्वच्छ पाण्यानं हलवून धुवा. मग भिंगाखाली पुन्हा एकदा बघा.

४. नव्या प्लगवर गोंदानं चिकटवा आणि रॅकवर ठेवा.

आधी कठीण कोरल, मग मऊ, शेवटी झोॲन्थिड. मऊ कोरल घाबरला की जे रसायन सोडतो ते ॲक्रोपोराला सोसत नाही, म्हणून सगळ्यांना एकाच टबात कोंबू नका. एका तुकडीचं औषधी पाणी दुसरीला वापरू नका.

दुसऱ्या टबाच्या तळाला काय पडलं ते ओतून देण्याआधी बघा आणि फोटो काढा. इथे सापडलेला एक चपटा कृमी पुढच्या सहा आठवड्यांचं वेळापत्रक ठरवतो.

झोॲन्थिडवर केसासारखं शेवाळ किंवा पिसासारखं ब्रायोप्सिस शेवाळ असेल तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड १ भाग आणि खारं पाणी १० भाग, ५ मिनिटं. झेनिया आणि इतर नाजूक मऊ कोरलवर हा प्रयोग नको. युफिलिया या लांब शुंडांच्या कठीण कोरलवर तपकिरी, जेलीसारखा लोळ दिसला तर टाकीत फुंकू नका. तो इतर शाखांवर बसतो. टाकीबाहेर सायफननं ओढा, मेलेलं डोकं कापा आणि उरलेल्याला आयोडीनची डिप द्या.

सावधान: कोळंबी, खेकडा, गोगलगाय, तारामासा, अर्चिन, शिंपला, ॲनिमोनी यांना डिप नाही. कोरलच्या डिपमधलं औषध अपृष्ठवंशी किड्यांसाठीच असतं आणि हे प्राणीही अपृष्ठवंशीच आहेत.

## टप्पा ६: ज्यांना डिप देता येत नाही

यांना डिप नाही म्हणून क्वारंटाइनही नाही, असा समज पसरला आहे. उलट आहे. डिप नाही म्हणूनच यांना पूर्ण दिवस मोजून ठेवावं लागतं.

गोगलगायीचं कवच मऊ टूथब्रशनं घासा, झाकणीजवळच्या कडेपर्यंत. तांदळाएवढ्या पांढऱ्या पिरॅमिडेलिड गोगलगायी तिथे चिकटून रक्त शोषतात. मग तीन वेळा वेगवेगळ्या स्वच्छ खाऱ्या पाण्यातून काढा. शंखात राहणाऱ्या खेकड्याबरोबर द्यायचे जादा शंख याच टाकीत आधीपासून पडलेले असू द्या. नंतर टाकलेला ओला शंख म्हणजे नवा पाहुणा. ट्रायडॅक्ना शिंपल्याचा तळ, जिथून तंतू निघतात ते भोक, पहिले दोन आठवडे दर दोन-तीन रात्रींनी टॉर्चनं बघा. ॲनिमोनीसाठी पॉवरहेडला जाळी घाला. टाकीभर फिरताना ती पंपात ओढली जाते आणि एका रात्रीत सगळं पाणी नासतं.

उपासमार ही या टप्प्यातली खरी मारेकरी आहे. उघड्या काचेच्या टाकीत गोगलगायीला खायला काही नसतं. नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा वजन बांधून तळाला ठेवा, शिल्लक दुसऱ्या दिवशी काढा. नासारियस आणि कोंच या वाळूतल्या गोगलगायींसाठी काचेच्या वाडग्यात दोन इंच नवी, कोरडी वाळू चालते. वाडगा उथळ असल्यानं ती आठवड्यातून एकदा ढवळता येते. लिंकिया आणि वाळू चाळणारे तारामासे अशा टाकीत क्वचित तगतात. त्यांना जगवण्याची खात्री नसेल तर आणूच नका.

कोळंबीनं कात टाकली की ती काढून घ्या. कातीवर सिस्ट असू शकतो, पण कात गेली म्हणजे कोळंबी स्वच्छ झाली असं समजून दिवस कमी करू नका. टाकीत आलेला सिस्ट टाकीतच आहे.

## टप्पा ७: दिवस मोजणं

इकचे बहुतेक सिस्ट ३ ते २८ दिवसांत फुटतात, पण ७२ दिवसांपर्यंत लांबल्याची नोंद आहे. छंदातला ७६ दिवसांचा जुना आकडा त्यावरूनच आला. पाणी गरम असेल तर सगळं चक्र वेगानं फिरतं, म्हणून २७ अंश सेल्सिअस सतत राखलं तर ४५ दिवस पुरतात असं आज बरेच अनुभवी लोक धरतात. यातला ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन दिवस वीज गेली, हीटर बंद पडला, तापमान २३ वर आलं, तर ४५ चा आधार संपला, ७६ धरा. मुख्य टाकीत वर्षानुवर्षांचे मासे असतील तर आमचा सल्ला सरळ ७६ चा.

मोजणी शेवटची ओली वस्तू आत गेली त्या दिवसापासून. एक उदाहरण. सहा कोरल १ तारखेला आले. २० तारखेला दोन गोगलगायी त्याच टाकीत टाकल्या. आता सहाही कोरलांचा पहिला दिवस २० तारीख आहे. आधीचे १९ दिवस वाया गेले, कारण गोगलगायीच्या कवचावरचा सिस्ट फुटून पुन्हा कोणावर बसेल असा मासा नसला तरी तो अजून फुटायचा आहे आणि त्याला कोणत्या वस्तूबरोबर मुख्य टाकीत जायचं हे तुम्ही ठरवू शकत नाही.

ओल्या वस्तूंत काय येतं: दुसऱ्याकडून आणलेला मॅक्रोअल्गीचा (मोठ्या शेवाळाचा) पुंजका, माशांच्या टाकीशी जोडलेल्या पाण्यातले कोपेपॉड (खाद्य म्हणून सोडायचे सूक्ष्म जीव), मुख्य टाकीत बुडवलेला चिमटा, तिथलं बदललेलं पाणी. कोरडं मीठ, गोठवलेलं खाद्य, कोरडे नवे प्लग यांनी मोजणी बदलत नाही.

तारीख काचेवर चिकटपट्टी लावून लिहा. लक्षात ठेवलेली तारीख नेहमी आठवडाभर आधीची निघते.

## टप्पा ८: मधले आठवडे

रोज मुख्य टाकीचं काम आधी, क्वारंटाइनचं नंतर. मग हात कोपरापर्यंत धुऊन पूर्ण कोरडे करा. बाष्पीभवनाची भर शुद्ध पाण्यानं, काचेवरच्या खुणेपर्यंत. दर आठवड्याला तळ ओढत १० ते २० टक्के पाणी बदला, तेही नव्यानं बनवलेल्या पाण्यानं. दिव्याची सुरुवात नेहमीच्या तीव्रतेच्या तिसऱ्या हिश्श्यानं करून दहा-चौदा दिवसांत वर न्या. प्रवास आणि डिप सोसलेला कोरल पहिल्याच दिवशी पूर्ण उजेडात पांढरा पडतो.

आठवड्यातून दोनदा, दिवा बंद झाल्यावर तास-दोन तासांनी, लाल टॉर्च घेऊन बघा. न्यूडिब्रँक, समुद्री कोळी, पिरॅमिडेलिड आणि लपून आलेले खेकडे रात्री बाहेर पडतात.

पुन्हा डिप कधी? पहिले चार आठवडे दर सहा-सात दिवसांनी, आणि प्रत्येक वेळी अंडी शोधून खरवडूनच. ॲक्रोपोराचा चपटा कृमी सापडला असेल तर हिशेब वेगळा. त्याची अंडी २७ अंशांना सरासरी ११ दिवसांत फुटतात आणि अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंतची पिढी कमीत कमी ३८ दिवसांची. २४ अंशांना हीच पिढी ६४ दिवस घेते. म्हणजे अंड्यातून निघालेलं पिल्लू वयात येण्याआधी डिपमध्ये पडलंच पाहिजे. दर आठवड्याची डिप सहा आठवडे चालू ठेवा, आणि शेवटचा कृमी दिसल्यापासून सहा आठवडे नव्यानं मोजा. पिलं ॲक्रोपोराशिवाय नऊ दिवसांपर्यंत जगतात आणि पोहूही शकतात, त्यामुळे एकाच तुकड्यावर कृमी दिसला तरी टाकीतल्या सगळ्या ॲक्रोपोरांना डिप.

लोक दुसऱ्या डिपला कंटाळतात. पहिल्या डिपमध्ये काही पडलं नाही, कोरल फुललाय, मग कशाला छळायचं, असं वाटतं. पहिल्या डिपनंतर दहा-बारा दिवसांनी फुटलेली पिढी याच दयेवर जगते.

## टप्पा ९: मुख्य टाकीत

हलवण्याच्या आठवडाभर आधी दोन्ही टाक्यांची अल्कॅलिनिटी आणि क्षारता जुळवा. क्वारंटाइन ९ डीकेएच आणि मुख्य टाकी ७ असेल तर दीड महिना जपलेल्या ॲक्रोपोराच्या टोकांची साल निघू शकते.

शेवटची रात्रीची पाहणी, शेवटची डिप, नव्या खाऱ्या पाण्यात धुणं, मग स्थलांतर. क्वारंटाइनचं पाणी, त्याचा रॅक, त्याचा स्पंज मागे राहतो. कोरल आधी खालच्या, कमी उजेडाच्या जागी लावा.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. मुख्य टाकीतले मासे स्वतः क्वारंटाइनशिवाय आत गेले असतील तर कोरलचे ७६ दिवस इकपासून वाचवणार नाहीत. तो आधीच आत असू शकतो. तरीही चपटे कृमी, न्यूडिब्रँक आणि आयप्टेशिया यांच्यासाठी सहा आठवड्यांची पाहणी सोडू नका. भरलेल्या टाकीतून ॲक्रोपोरा एकेक करून उपटणं या सगळ्यापेक्षा अवघड आहे.

टाकी रिकामी झाली की पुढच्या फेरीसाठी तयार करा. स्पंज फेकून द्या. टाकी, हीटर, पंप आणि रॅक १ भाग घरगुती ब्लीच आणि ९ भाग पाणी यांत अर्धा तास ठेवा, भरपूर पाण्यानं धुवा, क्लोरीन घालवणाऱ्या द्रावणातून काढा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. मग सगळं वेगवेगळं पसरून पूर्ण वाळू द्या. पंपाचा रोटर बाहेर काढून ठेवा. बाकी सगळं कोरडं झालं तरी त्याच्या खाचेत पाणी राहतं.